आधी चुलीचा हिशेब, मग काट्याचा

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांतर्फे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत सकाळपासून उसाचा भाव, कांद्याचा भाव, दुधाचा भाव यांवर बोलणे झाले. ते व्हायलाच पाहिजे. आम्ही मात्र आज स्वयंपाकघरातला विषय घेऊन आलो आहोत. काहींना वाटेल, हा तर बायकांचा विषय, जिल्हा बैठकीत कशाला? शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आमचे दोन तालुके तुम्हाला माहीत आहेत. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि नदीकाठची जमीन पाण्याखाली आली. पुढे भाटघरचे मोठे धरण झाले, साखर कारखाने झाले, १९८० च्या सुमारास उजनीचे पाणी इंदापूरच्या शिवाराला भिडले. त्याच तालुक्यांत दुसरे चित्रही आहे. सुपे, मोरगाव या जिरायती पट्ट्यात पावसाची सरासरी ५०० मिलीमीटरच्या आसपास, आणि तीही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला टँकर. पण आठवडे बाजारात गेलात तर दोन्हीकडच्या बायका एकाच पालापुढे उभ्या दिसतात. दोघींच्या पिशवीत विकतची मेथी, विकतची वांगी, विकतची तूरडाळ. बागायतदाराच्या घरातही कोथिंबिरीची जुडी विकत येते. शेतकऱ्याच्या घरात भाजी विकत येते, याची आता कुणाला लाजही वाटत नाही.

हे असे का झाले? आळसाने नाही. जमिनीचा प्रत्येक गुंठा पैशाच्या पिकाखाली गेला, कारण सोसायटीचे कर्ज पैशात फेडायचे असते, पोरांची फी पैशात भरायची असते. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. ते मिळाले तरी आधीचे वर्ष-दीड वर्ष घर कशावर चालते? वाण्याच्या उधारीवर. म्हणजे शेतात ऊस वाढतो तशी दुकानाच्या वहीत बाकी वाढते, आणि बिल हातात पडते त्या दिवशी त्यातले निम्मे आधीच खाऊन झालेले असते.

पाच गुंठ्यांचा हिशेब

आम्ही हिशेब मांडून बघितला. तुम्हीही आपापल्या आकड्यांनी मांडा.

समजा, एकरी ४० टन ऊस होतो. मग पाच गुंठ्यांत पाच टन. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. पाच टनांचे झाले १७,७५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक, बेणे, खत, मशागत, पाणीपट्टी वजा करा. निम्मे उरले असे धरले तर ८,८७५ रुपये, तेही वर्ष-दीड वर्षाने एकदा.

आता चुलीकडे या. पाच माणसांच्या घराला रोज किलोभर भाजी आणि किलोला ४० रुपये धरा. वर्षातले तीन महिने कडक उन्हाळ्याचे म्हणून सोडून द्या. उरलेल्या २७० दिवसांचे होतात १०,८०० रुपये. एवढी भाजी पिकवायला पाच गुंठेही लागत नाहीत. दोन-अडीच गुंठ्यांची परसबाग पाच माणसांना पुरते. उरलेल्या अडीच गुंठ्यांत पावसाळ्यात मूग किंवा मटकी, आणि तेच रान मोकळे झाले की हरभरा. वीस-पंचवीस किलो हरभरा घरात आला की पुरणापासून पिठल्यापर्यंतची सोय झाली. तूर बांधावर लावायची, तिला वेगळे रान लागत नाही.

हा हिशेब पैशाचा झाला. दुसरा हिशेब ताटाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले की मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. पाच माणसांच्या दोन किलो झाल्या. बाजारातून रोज दोन किलो भाजी कोण आणतो? पैसा आखडला की आधी भाजी आखडते, आणि भाजी आखडली की ती शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातून जाते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. त्याला कारणे अनेक आहेत, पण कोरडी भाकरी आणि चटणी हे त्यातले एक मोठे कारण आहे.

हे नवे नाही

शरद जोशींनी १९९१ च्या नोव्हेंबरात शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. बाजार खुला करा म्हणणाऱ्या, निर्यातीची भाषा बोलणाऱ्या माणसाने पहिले पाऊल सीताशेतीचे सांगितले, हे लक्षात घ्या. सीताशेती म्हणजे जमिनीचा लहान तुकडा घरच्या लक्ष्मीच्या हाती द्यायचा, त्यात बाहेरून विकत काही आणायचे नाही, आणि जे पिकेल त्यावर पहिला हक्क घराचा. माजघरशेती म्हणजे पिकले ते घरात निवडून, भरडून, वाळवून मग बाहेर काढायचे. त्याआधी १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखो बायका जमल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक गावांत बायकांच्या नावे जमीन झाली. सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्यासाठी सरकारनेही १९९२ साली लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला.

आपण भावाचा लढा ध्यानात ठेवला आणि हा भाग माळ्यावर टाकला. दुसऱ्यांनी तो करून दाखवला. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांचा प्रयोग परिवार दहा गुंठ्यांचे गणित मांडत होता. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी नवऱ्यांकडून अर्धा एकर, एक एकर मागून घेतले आणि त्यात घरच्या खाण्याची पिके घेतली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसातले गावरान बी जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

करायचे कसे

पाण्याचे आधी सांगतो, कारण जिरायतीतल्या बहिणी तेच विचारतात. नळयोजनेचे माप दर माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांचे २७५ लिटर झाले. ते निम्मे जरी मिळाले तरी त्यातले अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी गटारात जाते आणि डास वाढवते. ते चारीने केळी, अळू, शेवगा, पपई यांच्या बुडाशी सोडा. साबणाचे पाणी कोथिंबीर-मेथीवर घालायचे नाही. पालेभाजीला धुण्या-निवडण्याचे स्वच्छ पाणी तांब्याने द्या आणि वर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरा. पाचट पेटवण्यापेक्षा वाफ्यात घातले तर पाण्याची एक पाळी वाचते.

शेवग्याची दोन झाडे, एक कढीपत्ता, एक लिंबू, एक हदगा एवढे कायमचे लावा. मृगात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा टोका. दोडका, कारले, घोसाळे कुंपणावर चढवा, म्हणजे जागा लागत नाही. थंडीच्या तोंडाला मेथी, पालक, मुळा, चाकवत, लसूण, टोमॅटो, वांगी, वाल. मेथी आणि कोथिंबीर एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरा, नाहीतर एक आठवडा चंगळ आणि पुढचा महिना कोरडा. कालव्याकाठी ज्यांची जमीन जास्त पाण्याने चोपण झाली आहे, त्यांनी पालक, चाकवत आणि बीट करून पाहावे. ही पिके खार बऱ्यापैकी सोसतात.

माव्याला राखुंडी धुरळा. किडीला निंबोळीचा अर्क. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालून फवारायची. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी झाडाखाली फुकट पडतात, तेव्हाच वेचून वाळवून ठेवा.

बियाण्याचा नियम एकच. जे झाड सगळ्यांत जोमदार, त्याला सुरुवातीलाच चिंधी बांधा आणि त्याची फळे बियाण्याला राखा. आपण उलटे करतो. चांगले खातो आणि शेवटचे वाकडे-तिकडे बियाण्याला ठेवतो. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून बी गावरान किंवा सुधारित सरळ वाणाचे धरा आणि राखेत मिसळून मडक्यात ठेवा.

माजघराचे थोडक्यात सांगतो. तूर विकून डाळ विकत आणू नका. क्विंटलभर तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळ उतरते, वर चुणी जनावराला मिळते. गवार, मेथी स्वस्त असेल त्या दिवसांत वाळवा. सांडगे, हुलग्याचे पीठ, चिंच यांनी उन्हाळ्याचे तीन महिने निघतात. धान्य दाताखाली कटकन फुटेल इतके वाळवून, लिंबाचा पाला घालून कणगीत भरा.

दोन शंका

पहिली शंका कार्यकर्त्यांची. ते म्हणतात, काटकसर शिकवू लागलो तर सरकार म्हणेल, शेतकऱ्याचे भागते आहे, भाव कशाला? आम्हीही यावर पुष्कळ वाद घातला. काटकसर हा भावाला पर्याय नाही. परसबागेने कर्ज फिटत नाही, आणि फिटते असे कुणी सांगत असेल तर तो फसवतो. पण बाजारात पडत्या भावात माल कोण फुंकतो? ज्याच्या घरी उद्याच्या भाजीला पैसे नाहीत तो. घरात डाळ, धान्य, भाजी असेल त्याला महिनाभर थांबता येते. आंदोलनात माल रोखायची वेळ आली तर आधी तोच घरचे मीठ-मिरचीसाठी फुटत नाही. म्हणून ही परसबाग म्हणजे लढ्याची शिदोरी आहे. शिदोरी नसलेली फौज फार दिवस उभी राहत नाही.

दुसरी शंका बायकांची, आणि ती जास्त खरी आहे. त्या विचारतात, रानातले काम आम्ही करतो, घरचे करतो, जनावरांचे करतो, आता हेही आमच्याच डोक्यावर? याला आमचे उत्तर आहे की तसे होणार असेल तर हा कार्यक्रम घेऊच नका. वाफे पाडणे, खड्डे काढणे, कुंपण आणि पाणी ही कामे पुरुषांनी घ्यावीत. काय लावायचे, किती खायचे, काय विकायचे हे बाईने ठरवावे. जास्तीची भाजी विकली तर तो पैसा तिच्या हातात राहावा, त्याचा हिशेब कुणी मागू नये. आणि जमीन तिची असेल तरच हे टिकेल. नाहीतर एका वर्षी उसाला बरा भाव आला की पहिला नांगर तिच्या वाफ्यावरून फिरतो. हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून या बैठकीपुढे आमचे मागणे मोठे नाही. इथे बसलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने या पावसाळ्याआधी आपल्या रानातले, पाण्याजवळचे पाच गुंठे घरच्या बाईला मोजून द्यावेत. दूरचा खडकाळ तुकडा देऊन मोकळे होऊ नका. ज्याला जमीनच नाही त्याने दारातली चार हात जागा द्यावी. तलाठ्याकडे तिचे नाव लावायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. घरात एक वही ठेवावी आणि बाजारातून काय आले, रानातून काय आले ते रोज लिहावे. वर्षाने याच बैठकीला त्या वह्या घेऊन या. भाषण करायला त्या वेळी आम्ही उभे राहणार नाही. वही जिची असेल तिने उभे राहावे.