सुवर्णनाण्यावरील मुद्रा



पालघर जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवृत्तांतात या बंदराचा उल्लेख आहे. रोमन व्यापारी भडोचला सोन्या-चांदीची नाणी आणीत व स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा मिळे, असेही त्यात नमूद आहे. भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली. शंभर सेस्टर्सचे एक सुवर्णनाणे. म्हणजे ही रक्कम पाच लाख सुवर्णनाण्यांची होते.

‘ऑरियस’ नावाचे हे नाणे ऑगस्टसच्या काळी सुमारे आठ ग्रॅम वजनाचे होते. एका बाजूस सम्राटाचे मस्तक व त्याच्या पदव्या, दुसऱ्या बाजूस देवता किंवा एखादा प्रसंग. ऑगस्टसच्या एका नाण्यावर गायस व ल्यूशियस हे त्याचे दत्तक पुत्र ढाली-भाल्यांसह उभे आहेत. वृत्तपत्रे नसलेल्या काळी राज्याचे वारस कोण, हे प्रजेला अशा नाण्यांवरून कळे.

नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांवरही राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे आहेत. त्याचा जावई उषवदात याने शूर्पारकात विश्रामगृह बांधले आणि डहाणुका नदीवर विनामूल्य तर चालविली, असे नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतात. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, हा दरही तेथेच कोरलेला आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला, तेव्हा यज्ञ सातकर्णीचे राजमस्तक असलेले चांदीचे नाणे मिळाले.

दक्षिणेच्या मानाने पश्चिम भारतात रोमन नाणी थोडी सापडतात. पुष्कळशी वितळविली गेली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. मुशीत सोने उरते, इतिहास मात्र जळून जातो.

आज बोईसर-तारापूर परिसरात कारखाने, रस्ते व घरांसाठी सतत खोदकाम चालते. भूमिगत निधीविषयीच्या १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. शासनाने तो संपादन केल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक-पंचमांश रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. सापडलेले नाणे घासू नये, त्यास भोक पाडू नये, सोनाराकडे नेऊ नये. जागा व खोली टिपून ठेवावी. ग्रामसभेत आणि शाळेत एवढे सांगितले गेले, तरी जमिनीतील एखादे पान वाचेल.