वृद्धांची सोबत

घरचीं माणसें परगांवीं गेलीं, म्हणजे मागें एकट्या राहिलेल्या आजीबाईंकडे पूर्वीं शेजारचें एखादें पोर रात्रीं निजावयास पाठवीत. त्या पोरास शुश्रूषेचें ज्ञान नसे. तरी त्याच्या तेथें असण्यास आपल्या भाषेंत 'सोबत' हा नेमका शब्द आहे.

२०११ च्या शिरगणतींत साठी गांठलेलीं माणसें आपल्या देशांत दहा कोटींहून अधिक भरलीं. २००७ च्या कायद्यानें आईबापांस मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो. परंतु दोन घटकांचें संभाषण मागण्याची सोय कोणत्या कायद्यानें करावी? पगारी माणूस औषध वेळेवर देईल. पण त्याची नजर घड्याळाकडे असेल, तर खोलींतील एकटेपण तसेंच राहतें.

आपली आतां कोणास गरज उरली नाहीं, ही वृद्धांची खरी व्यथा. म्हणून त्यांच्याकडे कांहीं द्यावयास नव्हे, तर मागावयास जावें. लोणच्याचें प्रमाण विचारावें, भाऊबंदकींतील एखादें गुंतागुंतीचें नातें उलगडून घ्यावें, बुद्धिबळाचा डाव मांडावा. आणि वार व वेळ ठरवून जावें. गुरुवारीं पांच वाजतां कोणी येणार आहे, एवढ्या एका गोष्टीनें बुधवारचा दिवसहि सुसह्य होतो.