तू नुसते ओठ हलव

आजचा एपिसोड पावण्यातूनच रेकॉर्ड करतोय, ऑफिस सुटल्यावर. मागे ठाणे-बेलापूर रोडवरच्या ट्रेलरचे हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या.

आज शाळेतल्या गाण्याबद्दल बोलायचंय. म्हणजे समूहगान, वाद्यवृंद आणि ते बसवणारे सर आणि बाई.

मी आठवीत असतानाची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, गरजही नाही. समूहगान स्पर्धेसाठी आम्ही वीस जण निवडले गेलो होतो. पाच-सहा दिवस तालीम झाली आणि मग सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू शेवटच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव." आमच्या गटाला दुसरं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेट मलाही मिळालं. घरी आईने ते कौतुकाने शोकेसमध्ये लावलं, आणि मी पुढची चौदा वर्षं बाथरूममध्येसुद्धा गायलो नाही. अतिशयोक्ती नाही करत. कॉलेजच्या ट्रिपला बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली की मी झोपेचं सोंग घ्यायचो.

गेल्या वर्षी एका मित्राने ओढून नेलं म्हणून वाशीत नवशिक्यांच्या गाण्याच्या वर्गाला गेलो. पावण्याहून रिक्षाने फार लांब नाही. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच काम केलं. मला म्हणाल्या, "तुम्हाला सोपा वाटेल तो सा लावा." मी घाबरत घाबरत लावला. त्यांनी पेटीवर तो शोधला आणि म्हणाल्या, "काळी एक. ही तुमची पट्टी. आता इथून गाऊ." आणि मंडळी, सूर लागला! अगदी गोड वगैरे नाही, पण लागला.

मग मी त्यांना आठवीतली गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "तेव्हा आवाज फुटत होता का?" हो, फुटत होता!

आता हे नीट ऐका. लहान मुलांचा आवाज साधारण बायकांच्या पट्टीत असतो, म्हणजे काळी चार, काळी पाचच्या आसपास. बारा ते चौदाच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज उतरायला लागतो आणि शेवटी जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधल्या काळात तर धड वरचे सूर लागत नाहीत, धड खालचे. मोजके चार-पाच सूरच हाताशी असतात. आमचं गाणं काळी चारमध्ये बसवलेलं होतं. मी बेसूर नव्हतो हो, चुकीच्या पट्टीत अडकलो होतो.

यावर उपाय काय? तोही बाईंनी सांगितला. अशा मुलाला खालच्या सप्तकात गाऊ द्यायचं. नाहीतर त्याच्या आवाक्यातला एखादा सूर धरायला द्यायचा. तेही जमत नसेल तर काही महिने ताल त्याच्याकडे सोपवायचा. गटाबाहेर काढायचं नाही.

ऑफिसात कोड चालला नाही तर आपण लॉग बघतो, एरर कुठे आहे ते शोधतो. सरांनी तसं शोधलं नाही. पण खरं सांगू का, त्यांच्यावर माझा राग राहिला नाही. ते मुळात दुसऱ्या विषयाचे शिक्षक. त्यांना हे कोणी शिकवलंच नसेल, तर त्यांनी तरी काय करायचं?

आणि आपल्याकडे याचा विचार झाला नव्हता असं मुळीच नाही. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं. एका गुरूसमोर एक शिष्य ही पद्धत मोडून वर्गात अनेकांना एकत्र शिकवायचं, त्यासाठी स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तकं तयार करायची, हे त्या काळात मोठं धाडस होतं. १९३१ मध्ये ते गेले, आणि शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. तुमच्यापैकी ज्यांनी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा दिल्यात, ते याच मंडळाचे विद्यार्थी. त्यांची वास्तू इथे वाशीतच आहे.

दुसरे भातखंडे. मुंबईचे वकील. १९१६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. संगीत कसं शिकवायचं हा विषय त्यांनी अशा परिषदांमधून लावून धरला. त्याच खटाटोपातून १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं.

बाहेरच्या देशातलं एक उदाहरण सांगतो. इस्मे नावाची संगीतशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९५३ पासूनची. तिची १९६४ ची परिषद हंगेरीत बुडापेस्टला झाली. तिथल्या झोल्तान कोदाय या संगीतकाराचं म्हणणं असं, की गाणं प्रत्येक मुलाचं आहे, निवडक मुलांचं नाही. परिषदेला आलेल्या शिक्षकांना हे काम तिथे प्रत्यक्ष बघायला मिळालं, आणि ती पद्धत जगभर पसरायला मोठी मदत झाली.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे शिक्षकांचं संमेलन असो की आंतरशालेय स्पर्धा, स्टेजवर फक्त तयार गाणं नको. गाणं झालं की पुढची पंधरा मिनिटं सरांना किंवा बाईंना द्या. पट्टी कशी ठरवली, आवाज फुटलेल्या पोरांना कुठे उभं केलं, ज्याला सूर सापडत नव्हता त्याचं काय केलं, हे मुलांना सोबत घेऊन दाखवू द्या. समोर बसलेला दुसऱ्या शाळेचा शिक्षक बक्षीस बघून काही शिकत नाही, तालीम बघून शिकतो. आणि परीक्षकांना एक विनंती. एखाद्या गटातली सगळी मुलं खरोखर गात असतील, तर त्यालाही गुण द्या.

तुम्हालाही कोणी कधी "ओठ हलव" म्हटलं असेल, तर आज घरी गेल्यावर एक काम करा. फोनवर तानपुऱ्याचं ॲप उघडा, एकेक पट्टी बदलत जा आणि आपला सा कुठे बसतो ते शोधा. सापडला की मला व्हॉइस नोट पाठवा. कसाही असू दे, चालेल. पुढच्या एपिसोडच्या शेवटी आपण त्या सगळ्या नोट्स लावू, आणि त्यात पहिली माझी असेल.

चला, रिक्षा मिळतेय का बघतो. भेटू पुढच्या आठवड्यात!