एक असामी, दोन खुर्च्या
(सावली येथील व्याख्यान)



आपल्या भागांत धान पिकतें तें तलावाच्या पाण्यावर. तें पाणी वाटायला गांवानें एक माणूस नेमला, आणि त्याच माणसाला एका भावकीनें आपला कारभारी केला, तर काय होईल? तो देवमाणूस असला तरी त्याच्या भावकीची बांधी आधीं भिजेल. आणि नाहीं भिजली तरी बाकीचे तसेंच समजतील. पाणी सर्वांचें आणि वाटणारा एकांचा! पक्षाचें पद व सरकारचें पद एकाच माणसानें धरावें काय, हा आजचा प्रश्न असाच आहे.

कायदा काय म्हणतो तें आधीं पाहूं. जिल्हा परिषदेच्या शाळेंत पाढे शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांना कोणत्याहि राजकीय पक्षाचें साधें सभासदहि होतां येत नाहीं. ग्रामपंचायतीच्या कामांत ज्याचा हिस्सा असेल, त्याला १९५८ च्या कायद्याप्रमाणें तिचा मेंबर राहतां येत नाहीं. सरकारी लाभाचें पद घेणारा, कायद्यानें सूट दिली नसेल तर, आमदार राहूं शकत नाहीं, असें राज्यघटनेचें १९१ वें कलम सांगतें. म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवूं नये हें कायद्याला ठाऊक आहे. पण पक्षाचें पद हें सरकारी पद नव्हे. म्हणून सबंध राज्याचा पक्षाध्यक्ष खुशाल मंत्री होऊं शकतो! लहान माशाला जाळें, मोठ्याला मोकळें पाणी.

हें एकाच पक्षाचें नव्हे. २०१९ सालीं बाळासाहेब थोरात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष असतांनाच मंत्री झाले व महसूल खातें त्यांच्याकडे आलें. जयंत पाटील राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष आणि जलसंपदामंत्रीहि होते. भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे डिसेंबर २०२४ मध्यें मंत्री होऊन महसूल खातें पाहूं लागले; पक्षाचें पद सुटलें तें जुलै २०२५ मध्यें. यांनीं कायदा मोडला नाहीं. मोडायला कायदाच नाहीं. पण सातबारा आणि कालव्याचें पाणी ज्याच्या खात्यांत, तोच पक्षाचा कारभारी असला, तर दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या कुणब्यानें कोणत्या भरवशावर अर्ज करावा?

पक्ष स्वतः नियम करतात. मे २०२२ मध्यें उदयपूर येथें काँग्रेसनें ‘एक व्यक्ति, एक पद’ असें ठरविलें. पण घरचा नियम गरज पडली कीं वळचणीला खोंवतां येतो. १९५१ ते १९५४ पंडित नेहरू पंतप्रधान व पक्षाध्यक्ष दोन्ही होते. उलट १९६३ सालीं, आपल्या सावलीचे आमदार मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री असतांना, कामराज योजनेखालीं सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री यांनीं पक्षकार्यासाठीं पदें सोडलीं. ती खुषी होती, कायदा नव्हता. तुर्कस्तानांत तर राष्ट्राध्यक्षानें पक्षाशीं नातें तोडावें असें घटनेंतच होतें. २०१७ च्या सार्वमतानें तें कलम गेलें, आणि त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष एर्दोगान पक्षाचे प्रमुख झाले.

नुसती खुर्ची सोडूनहि भागत नाहीं. नाना पटोले यांनीं ४ फेब्रुवारी २०२१ रोजीं विधानसभेचें अध्यक्षपद सोडलें व ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. हें ठीकच झालें. पण ती खुर्ची ३ जुलै २०२२ पर्यंत रिकामी राहिली! सतरा महिने उपाध्यक्षांनीं काम ओढलें, आणि त्याच काळांत राज्याचें सरकार कोसळलें.

कोणी म्हणेल, ‘पदें वेगळीं केलींत तर पक्षाध्यक्ष मागून दोऱ्या हालवील.’ हालवील खरा. पण दोरी ओढणारा आणि हालणारा वेगळे दिसले, तर लोकांना बोट तरी दाखवितां येतें.

म्हणून आमचें मागणें असें: मंत्री, विधानसभेचा अध्यक्ष व जिल्हा परिषदेचा अध्यक्ष यांनीं पदावर बसल्यापासून महिन्याभरांत पक्षाचें पद सोडावें, न सोडल्यास सरकारी पद आपोआप जावें, आणि रिकामें झालेलें पद भरण्यास मुदत असावी. पक्षाचें सभासदत्व खुशाल राहूं द्या. ग्रामपंचायतीची निवडणूक आपण पक्षाच्या चिन्हावांचून करतों. गांवाला एवढें जमतें, तर मुंबईला थोडें कां जमूं नये?

मत मागायला कोणी आला तर त्याला पाणी द्या, बसायला सतरंजी द्या, आणि विचारा, ‘दोन्ही पदें मिळालीं तर कोणतें सोडाल?’ उत्तर मात्र चार लोकांदेखत घ्या.