लहान विमानाचे नियंत्रण बिघडल्यास
(वासणा, बडोदे येथे मराठी रहिवाशांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हरणी विमानतळावरून उडणारी गुजरात फ्लाइंग क्लबची शिक्षण-विमाने जुन्या बडोदेकरांच्या परिचयाची आहेत. महाराष्ट्रातही बारामती, धुळे, शिरपूर आणि गोंदियाजवळील बिरसी येथे वैमानिकांचे शिक्षण होत आले आहे. त्यामुळे लहान विमानातील बिघाड हा आता केवळ शहरवासीयांचा विषय राहिलेला नाही. दि. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या शिवारात एक शिक्षण-विमान कोसळून शिक्षक वैमानिक मृत्युमुखी पडले व शिकाऊ वैमानिक भगिनी जबर जखमी झाली. दि. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे असेच एक विमान शेतात उतरले. या अपघातांच्या कारणांची चर्चा मी येथे करणार नाही. ते काम तपास यंत्रणेचे आहे. मी एवढेच सांगणार आहे की, विमान हाताला जुमानीनासे झाले असता वैमानिकाने काय करावयाचे असते.

विमानाच्या हालचाली तीन. नाक वर-खाली करण्याचे काम शेपटीच्या आडव्या पंखाची हलती कड, म्हणजे एलेव्हेटर, करते. विमान एका कुशीवर कलविण्याचे काम मुख्य पंखांच्या टोकांजवळील एलेरॉन करतात, आणि नाक डावी-उजवीकडे वळविण्याचे काम उभ्या शेपटीवरील सुकाणू, म्हणजे रडर, करते. सेस्ना १५२ सारख्या विमानात वैमानिकाचा हात व पाय या कडांपर्यंत पोलादी तारांनी व कप्प्यांनी जोडलेले असतात. रचना विहिरीवरच्या रहाटाइतकीच साधी, आणि अडचणीही तशाच : तार तुटणे, कप्पीवरून निसटणे, किंवा मध्ये काही अडकणे. बैठकीखाली पडलेला पेन्सिलीचा तुकडा वा पाण्याची बाटली पायपट्ट्यांमागे जाऊन सुकाणू अडविते.

शिक्षकबंधूंनी हे वर्गात कागदी विमानावर दाखवावे. पंखांच्या मागील दोन्ही कडा किंचित वर दुमडल्या की नाक वर जाते. एक वर व एक खाली दुमडली की विमान कलते. दहा मिनिटांचा हा प्रयोग पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांहून अधिक शिकवितो, असे माझे मत आहे.

यातील पुष्कळसे संकट जमिनीवरच टळते. दि. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे नवे २९९ जातीचे विमान उड्डाण होताच कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या कडा आपटू नयेत म्हणून लावलेली अटक काढावयाची राहिली होती. चालविणारे वैमानिक नवशिके नव्हते, निष्णात होते. उड्डाणापूर्वी लेखी यादी वाचून एकेक गोष्ट तपासण्याची पद्धत त्या अपघातानंतर रूढ झाली. वैमानिकांच्या धाडसाच्या कथा आपण आवडीने सांगतो. यादी वाचणाऱ्याची कथा कोणी सांगत नाही. हात हलवावा, आणि कड योग्य दिशेस हलते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या गेल्याचीही उदाहरणे आहेत.

आकाशात बिघाड झालाच, तर पहिले काम विमान उडते ठेवण्याचे, दुसरे दिशा सांभाळण्याचे, आणि तिसरे बिनतारी यंत्रावर ‘मेडे’ हा संकटशब्द तीनदा उच्चारून मदत मागण्याचे. हा क्रम उलटता कामा नये. बिघाड एखादी कृती केल्याबरोबर उद्भवला असेल, उदाहरणार्थ उतरण्याच्या वेळच्या झडपा उघडताच विमान एका बाजूस लोळू लागले असेल, तर ती कृती तत्काळ मागे घ्यावी. बहुधा एका बाजूची झडप उघडून दुसरी अडकलेली असते.

एलेव्हेटरची तार तुटली, तर त्याच्या मागील कडेवरील लहानशी पट्टी, म्हणजे ट्रिम, उपयोगी पडते. तिच्या चाकाने नाक नेहमीप्रमाणे वर-खाली करता येते. मात्र एलेव्हेटर तुटलेला नसून जागीच घट्ट अडकला असेल, तर हीच पट्टी उलट चालते : चाक नाक खाली आणण्याच्या दिशेस फिरविले की नाक किंचित वर जाते. हे ठाऊक नसलेला वैमानिक घाबरून अधिकच फिरवीत राहतो. म्हणून आधी उंचीवर थोडे थोडे फिरवून परिणाम पाहावा. इंजिनाची शक्ती वाढविली-घटविली तरी चढ-उतार साधतो. दि. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे सर्व नियंत्रणे गमावलेले एक मोठे प्रवासी विमान केवळ इंजिनांच्या शक्तीवर धावपट्टीपर्यंत आणले गेले. त्यातील २९६ जणांपैकी १८४ वाचले.

एलेरॉन अडकल्यास सुकाणूने विमान हळूहळू कलते व वळते. सुकाणू अडकल्यास एलेरॉनने काम भागवावे लागते. दोन्ही प्रसंगी वळणे उथळ ठेवावीत, लांब धावपट्टीचा विमानतळ निवडावा, आणि दुरूनच सरळ, मंद उताराने यावे. उतरण्याच्या वेगात विमान कसे वागते हे आधी पुरेशा उंचीवर अजमावून घ्यावे. वेग फार कमी झाल्यास पंखांची उचल सुटते. नियंत्रणे सैल लागू लागतात ती बिघाडाने नव्हे, वेगाच्या अभावी. तेथे उपाय एकच, नाक खाली करून वेग मिळविणे. घाबरलेला हात मात्र नेमका उलट खेचतो.

आता ग्रामस्थांविषयी. वर्डीच्या अपघातात तेथील आदिवासी भगिनींनी व बांधवांनी धाव घेतली. एका भगिनीने आपले लुगडे दिले, त्याची झोळी करून जखमी मुलीस रस्त्यापर्यंत आणले गेले. असा प्रसंग आल्यास विडी-काडी पेटवू नये, कारण इंधन सांडलेले असते. पंख्याच्या पात्यांपासून दूर राहावे. ११२ वर पोलिसांना व १०८ वर रुग्णवाहिकेस कळवावे. माणसे वाचविण्यासाठी जे हलवावे लागेल तेवढे जरूर हलवावे. बाकी अवशेष, अगदी तारेचा तुकडाही, घरी नेऊ नये. कोणती तार तुटली होती आणि कोणती अडकली होती, हे तपास अधिकाऱ्यांना त्या तुकड्यावरूनच कळते.