चिकटलेले नाव आणि दुसरी संधी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, होसकोटे येथील वाचक-मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी आपण आज पुष्कळ ऐकले. नाटके, व्याख्याने, गणेशोत्सव, हळदीकुंकू या सर्वांचा उल्लेख यथायोग्य झाला. आमच्याकडे मंडळाच्या ग्रंथालयाची किल्ली असते. त्यामुळे आमचा विषय ओघानेच पुस्तकांकडे वळतो. तथापि आज आम्ही फार पुस्तकांविषयी बोलणार नाही. एका पुस्तकाविषयी आणि ते वाचणाऱ्या एका मुलीविषयी बोलणार आहोत.

ही मुलगी नववीत शिकते. तिचा जन्म होसकोट्याचा. शाळा इंग्रजी, अंगणातली भाषा कन्नड, घरातली मराठी. आपल्या रविवारच्या वर्गात ती मराठी वाचायला शिकली. वर्गाचा नेम असा की वाचलेल्या पुस्तकाविषयी दोन पाने लिहून आणावयाची. बहुतेक मुले कथानकाचा सारांश लिहितात आणि अखेरीस ‘पुस्तक फार आवडले’ असे एक वाक्य जोडतात. या मुलीने चार पाने लिहिली. त्यांत सारांश नव्हता, प्रश्न होते.

पुस्तक होते तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. मूळ जपानी पुस्तक 1981 साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे आणि आपल्या ग्रंथालयातील त्याची प्रत हाताळून हाताळून मऊ झाली आहे. काटेकोर बोलावयाचे तर ही कादंबरी नव्हे. लेखिकेने स्वतःचे खरे बालपण सांगितले आहे. परंतु मुले ती कादंबरीसारखीच वाचतात. पहिल्या इयत्तेतच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी तोक्यो शहरातील तोमोए नावाच्या दुसऱ्या शाळेत येते. तेथील वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. आपल्याला पूर्वीच्या शाळेतून काढून टाकले होते, हे त्या मुलीला वयाची वीस वर्षे होईपर्यंत ठाऊकही नसते, कारण आईने ते तिला सांगितलेलेच नसते. दुसरी संधी देण्याची याहून नाजूक रीत आम्हांस तरी ठाऊक नाही. संधी मिळाली, आणि ती दुसरी होती याचे ओझे मात्र लेकरावर पडले नाही.

साधारणपणे वाचणाऱ्या मुलांना आगगाडीचे डबे आवडतात. आमच्या या वाचकाने डब्यांविषयी एक ओळही लिहिली नाही. तिचे मन भलत्याच दोन ठिकाणी अडले होते.

पहिले ठिकाण ताकाहाशी नावाच्या मुलाचे. या मुलाचे हातपाय आखूड राहिलेले, शरीराची वाढ खुंटलेली. एकदा वर्ग चालू असता त्याच्या बाई सहज विनोदाने त्याला विचारतात की तुला शेपूट आहे काय. पुढे कोबायाशी त्या बाईंना या एका शब्दाबद्दल अत्यंत कळवळून बोलतात. ते बोलतात स्वयंपाकघरात, आणि तोत्तोचानच्या कानी ते केवळ योगायोगाने पडते. आमच्या वाचकाचा प्रश्न असा, की मुख्याध्यापक स्वयंपाकघरात का बोलले? वर्गात, सर्वांदेखत का बोलले नाहीत? तिने उत्तरही स्वतःच शोधले होते. वर्गात बोलले असते तर ‘शेपूट’ हा शब्द ताकाहाशीला पुन्हा एकदा ऐकावा लागला असता. आणि बाईंची मुलांसमोर शोभा झाली असती ती वेगळीच. तिने लिहिले होते की त्या स्वयंपाकघरात दुसरी संधी बाईंनाही मिळाली.

आम्ही हे पुस्तक अनेकदा वाचले आहे, अनेकांच्या हाती दिले आहे. या प्रसंगाचा हा अर्थ आम्हांला एका चौदा वर्षांच्या मुलीने दाखविला.

दुसरे ठिकाण मासाओ नावाच्या कोरियन मुलाचे. हा प्रसंग पुस्तकात फार छोटा आहे. त्या काळी कोरिया जपानच्या अमलाखाली होता. तोत्तोचान रस्त्याने जात असता हा मुलगा अकारण तिच्या अंगावर ओरडतो, आणि ओरडतो काय, तर ‘कोरियन!’ मुलीला अर्थ कळत नाही. घरी येऊन ती आईला सांगते आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते. लोक त्या मुलाला याच शब्दाने हिणवीत आले, म्हणून त्या बिचाऱ्याला वाटते की ही एक शिवीच आहे, आणि जी शिवी त्याच्या पदरात पडली ती तो दुसऱ्याच्या अंगावर फेकतो. स्वतःच्या देशाचे नाव त्याच्या तोंडी शिवी होऊन बसले आहे.

या प्रसंगापुढे आमच्या वाचकाने जे लिहिले ते जपानचे नव्हते. ते आपल्या होसकोट्याचे होते. तिच्या अनुमतीनेच आम्ही ते येथे सांगत आहोत, आणि कोणाचेही नाव घेणार नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तेथे मराठी आजची नाही. 1638 नंतर शहाजीराजांना विजापूर दरबाराकडून बंगळूरची जहागीर मिळाली, तीत होसकोटेही होते. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास गेले आणि तेथेही मराठी रुजली. म्हणजे या प्रांतात अशी घराणी आहेत, की ज्यांच्या घरात मराठी साडेतीनशे वर्षे बोलली जात आहे. तिला कन्नडचा, तमिळचा हेल आहे, तिच्यात काही जुने शब्द टिकून आहेत, काही नवे मिसळले आहेत. दुसरीकडे गेल्या पंचवीसतीस वर्षांत कारखाने वाढले, माहितीतंत्रज्ञानाचा व्यवसाय वाढला, आणि पुण्यामुंबईहून, नागपूर-कोल्हापुराहून नवी कुटुंबे आली. आपल्या मंडळात ही दोन्ही मराठी एकाच सतरंजीवर बसतात.

एका जुन्या घराण्यातला मुलगा बालनाट्याच्या तालमीला येत असे. त्याचे उच्चार ऐकून नव्या मुलांना हसू येई. कोणीतरी त्याला ‘मिसळ’ म्हटले. नाव गमतीचे, चविष्ट. मोठ्या माणसांनाही त्यात वावगे दिसले नाही. सर्वच हसले, आणि नाव चिकटले. काही दिवसांनी तो मुलगा तालमीत बोलेनासा झाला. त्याला झाडाची भूमिका दिली गेली. झाडाला बोलावे लागत नाही.

याच मुलाच्या घरामागे एका मोठ्या इमारतीचे बांधकाम चालले होते. पत्र्याच्या झोपड्यांत दूरच्या प्रांतातून आलेले मजूर राहात. त्यांतला एक मुलगा संध्याकाळी क्रिकेटचा खेळ पाहण्यास मैदानाच्या कडेला उभा राही. आपला ‘मिसळ’ त्याला हाकलीत असे. हाकलताना तो त्या पोराच्या प्रांताचे नाव घेई, शिवी उच्चारावी तसे. आमची वाचक हे दोन्ही पाहात होती, तालमीतलेही आणि मैदानावरचेही. दोहोंतला सांधा मात्र तिला दिसला तो मासाओचे पान वाचताना. शब्द हातोहात पुढे सरकतो, तो कोठेतरी थांबवावा लागतो, असे तिने लिहिले होते.

भगिनी-बंधूंनो, मुलांच्या छळाविषयी बोलताना आपण सामान्यतः दोन माणसे धरून चालतो, एक दुष्ट आणि एक दीन. कायद्यालाही तसेच धरून चालावे लागते, आणि कायदा हवाच. महाराष्ट्राने 1999 साली रॅगिंगविरोधी कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली देशभरच्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी नियम घातले. जेथे मारहाण होते, जीव धोक्यात येतो, तेथे शिक्षेला पर्याय नाही. परंतु तालमीतल्या ‘मिसळ’ला आणि मैदानाच्या कडेवरच्या मुलाला कोणता नियम पुरा पडणार? येथे छळणारा आणि छळला जाणारा एकच मुलगा आहे, फक्त संध्याकाळची वेळ बदलते.

चिकटणाऱ्या नावाचे भय आपल्या साने गुरुजींनीही जाणले होते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील पोहण्याचा प्रसंग आपणा सर्वांना आठवत असेल. श्याम पाण्याला भिऊन लपतो आणि एवढी प्रेमळ आई हाती छडी घेते. लहानपणी आपल्याला त्या छडीचे वाईट वाटते. मोठेपणी ध्यानात येते, की ‘भित्रा’ हा शब्द लेकराला जन्माचा चिकटू नये, म्हणून ती माउली कठोर झाली होती. पोहून आल्यावर तिने त्याला जवळ घेतले हेही विसरू नये.

आणि ज्याच्या हातून चूक घडली त्याला दुसरी संधी देणे, हेही मराठी मुलखाला परके नाही. त्या कथेचा एक धागा तर थेट बंगळुराशी जोडलेला आहे. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंता बंगळूरच्या विद्युत-साहित्याच्या सरकारी कारखान्यात काम करीत होते. पुढे ते औंध संस्थानात गेले. त्यांच्या कल्पनेतून आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली, भिंत नसलेली. गुन्हा केलेली माणसे तेथे शेती करू लागली. याच प्रयोगावरून गदिमांच्या लेखणीतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. कैदी सुधारले म्हणून तेथे भिंत काढली नव्हती. भिंत आधीच नव्हती, विश्वास आधी ठेवला होता. कोबायाशींनी चार तास ऐकले तेही मुलगी शहाणी आहे हे सिद्ध होण्यापूर्वी.

आता आमच्या वाचकाने काय केले ते सांगतो. तिने कोणाकडे तक्रार केली नाही. ती नाटक बसविणाऱ्या ताईंकडे गेली आणि म्हणाली, यंदा सूत्रधार त्या मुलाला करावे, आणि त्याला त्याच्या घरच्या मराठीत बोलू द्यावे. ताई क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी होकार दिला. गणेशोत्सवात तो मुलगा रंगमंचावर आला तेव्हा पहिल्या दोन वाक्यांना प्रेक्षागृहात खसखस पिकली. तो थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मागच्या रांगेत काही वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या. आपल्या माजघरातली भाषा मंडळाच्या ध्वनिक्षेपकावरून त्या प्रथमच ऐकत असाव्यात. त्यांच्यापैकी एक आजी पदराने डोळे टिपताना आम्ही पाहिली. ‘मिसळ’ हे नाव त्यानंतर हळूहळू बंद पडले.

कथा येथे संपली असती तर ती गोड झाली असती. पण तशी ती संपली नाही. उत्सवानंतर त्या मुलाने आपण होऊन एक चेंडू घेतला आणि तो बांधकामाकडे गेला. इमारत पुरी झाली होती. पत्र्याच्या झोपड्या निघाल्या होत्या. मजुरांची कुटुंबे दुसऱ्या कामावर कोठे गेली ते रखवालदारालाही सांगता येईना. तो परत आला, आणि चेंडू त्याने आमच्या ग्रंथालयाच्या कपाटावर ठेवला. तो अद्याप तेथेच आहे. आम्ही तो हलविलेला नाही.

एका मुलाला दुसरी संधी मिळाली. ज्याची क्षमा मागावयाची होती, त्याला ती देण्याची वेळ मात्र टळून गेली. दुसऱ्या संधीलाही मुदत असते. माणसे जागा सोडून जातात, मुले मोठी होतात, आणि मनात राहिलेला शब्द त्यांच्याबरोबर परगावी जातो. आपण सारेच आपले गाव सोडून येथे आलो आहोत, तेव्हा हे आपणास निराळे सांगावयास नको.

1945 साली बाँबहल्ल्यात तोमोए शाळा जळाली. ज्वाळांकडे पाहात कोबायाशींनी आपल्या मुलाला विचारले, की आता पुढची शाळा कशी बांधू या. आपली वास्तू सुदैवाने उभी आहे. तरीही सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा प्रश्न आपण आपणास विचारावा असे आम्हांस वाटते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची एक लहानशी सूचना आहे. मंडळाच्या बालविभागाच्या हजेरीवह्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. त्या चाळल्या तर दिसते, की काही मुलांची हजेरी एका तारखेपर्यंत नियमित आहे आणि पुढे रकाना कोरा आहे. कोणाची बदली झाली असेल, कोणाच्या परीक्षा आल्या असतील. कोणाला एखादे नाव चिकटले असेल. त्यांपैकी जी कुटुंबे अद्याप होसकोट्यात किंवा बंगळुरात आहेत, त्यांच्या घरी या वर्षी आपण छापील निमंत्रण न धाडता स्वतः जावे. का येणे बंद केले, असे विचारू नये. या, एवढेच म्हणावे. ते आले आणि बोलू लागले, तर चार तास लागले तरी ऐकून घ्यावे.