पाळलेल्या कुत्र्याच्या खोडी

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, ही आपल्याकडील म्हण सर्वश्रुत आहे. शेपटाच्या बाबतींत ती खरी असेल. परंतु कुत्र्याच्या स्वभावासही तीच लावण्याची आपली वहिवाट मात्र त्या मुक्या प्राण्यावर अन्याय करणारी आहे. मोठ्या हौसेनें घरीं आणलेलें पिलूं वर्षभरांत वाढतें, जोडे कुरतडतें, शेजाऱ्यांची झोंप मोडतें, पाहुण्यांच्या अंगावर झेपावतें. मग 'याचा स्वभावच वाईट' असा निकाल देऊन घरांतील मंडळी त्याला गच्चीवर बांधून ठेवतात, किंवा एके दिवशीं मोटारींत घालून दूर कोठें तरी सोडून येतात. पाळलेल्या जनावराला असें उपासमारीच्या तोंडीं देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पण कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. निकाल देण्यापूर्वीं आरोपीची चौकशी झाली होती काय, हा माझा आजचा प्रश्न आहे. आणि त्या चौकशीसाठींच, श्रोतेहो, आपला थोडा वेळ मीं मागून घेतला आहे.

प्रथम 'खोड' या शब्दाकडेच जरा निरखून पाहूं. भुंकणें, उकरणें, दिसेल तें चावून पाहणें, आपला घास राखणें, सोबत्यांपासून एकटें पडल्यावर हांका मारणें, या सर्व कुत्र्याच्या स्वाभाविक क्रिया आहेत. लांडग्याच्या वंशांतून मनुष्याच्या सोबतीस आलेल्या या प्राण्याच्या भुंकण्याचा उपयोग करूनच आपल्या पूर्वजांनीं गोठे आणि खळीं राखलीं. धनगराच्या मेंढरांवर तो अजूनही पहारा करतो. खळ्यावर जो गुण होता तोच तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दोष ठरला, एवढाच फरक. म्हणून आपल्या गैरसोयीच्या जागीं आणि गैरसोयीच्या वेळीं घडलेली स्वाभाविक क्रिया ती खोड, अशी व्याख्या केल्यास चुकणार नाहीं. ही व्याख्या पत्करली कीं 'हें बंद कसें करावें' या प्रश्नाच्या आधीं दुसरे दोन प्रश्न उभे राहतात : कुत्रा हें कां करतो, आणि तें केल्यानें त्याला काय मिळतें?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व शास्त्रज्ञांनीं फार पूर्वीं ओळखलें. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच संशोधनांत त्यांना दिसून आलें होतें कीं, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, तें आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें. तिकडे अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असें दाखविलें कीं, ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती कृति जनावर पुन्हा करतें. आपल्या घरांतील कुत्रा या दोन्ही नियमांना बांधलेला आहे. खुंटीवरची साखळी वाजली कीं तो दाराशीं जाऊन उभा राहतो, हा पहिला नियम. आणि ताटाजवळ बसून केविलवाणें तोंड केलें कीं पोळीचा तुकडा मिळतो हें तो कधींही विसरत नाहीं, हा दुसरा.

बहुतेक घरांत येथेंच घोटाळा होतो. ताटांतलें कांहीं द्यावयाचें नाहीं असा दंडक वडील घालतात, आणि आजी सर्वांची नजर चुकवून एक तुकडा खालीं सोडते. दहा वेळां नाकारून अकराव्या वेळीं दिलेला हा तुकडा रोज दिलेल्या तुकड्यापेक्षां खोड अधिक घट्ट करतो. अनियमितपणें मिळणारें बक्षीस संवयीला किती चिवट बनवितें, हें फर्स्टर आणि स्किनर यांनीं १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडलें आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बक्षीस एकदम बंद केलें कीं खोड कमी होण्यापूर्वीं कांहीं दिवस उलट वाढते. कुत्रा अधिक जोरानें भुंकतो, अधिक हट्टानें मागतो. याच वेळीं घरचे लोक कंटाळून माघार घेतात, आणि 'पुरेसें ओरडलें म्हणजे मिळतें' असा नवा धडा त्याला देऊन बसतात. तेव्हां नियम एकच, आणि तो घरांतील लहानथोर सर्वांनीं पाळावयाचा.

नुसतें 'नको' म्हटल्यानें मात्र भागत नाहीं. 'त्याऐवजीं काय' हें कुत्र्याला दाखवावें लागतें. अंगावर उडी घेणाऱ्या कुत्र्याला बसावयास शिकवावें, आणि तो बसल्यावरच पाहुण्यांनीं त्याला कुरवाळावें. बसलेला कुत्रा एकाच वेळीं उडी मारूं शकत नाहीं, हें उघड आहे. पिलांचे दुधाचे दांत साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यांत पडून नवे येतात, आणि त्या काळांत हिरड्या शिवशिवत असल्यामुळें तीं सर्व कांहीं चावतात. त्यांना चावण्याजोगें मजबूत खेळणें द्यावें आणि जोडे कपाटांत ठेवावे. दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याची निम्मी दांडगाई सकाळ-सायंकाळच्या निवांत फेरीनेंच ओसरते. त्या फेरींत त्याला मनसोक्त हुंगूं द्यावें. नुसतें ओढीत नेऊं नये.

आतां शिक्षेचा विचार करूं. संध्याकाळीं आपण घरीं येतों तों सतरंजीवर घाण केलेली दिसते. कुत्रा कान पाडून, मान वळवून कोपऱ्यांत उभा असतो. 'पाहा, याला आपला अपराध कळतो' असें म्हणून आपण त्याला मारतों. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २००९ सालीं नेमक्या याच चेहऱ्याची परीक्षा केली. कुत्र्याला खाऊ घेण्याची मनाई करून धनी बाहेर जाई. मागें कधीं कुत्रा खाऊ खाई, कधीं न खाई. परंतु धन्याला खरी हकीकत नेहमींच सांगितली जात नसे. तेव्हां असें आढळलें कीं, तो अपराधी चेहरा अपराध केल्यामुळें येत नाहीं, धनी रागावल्यामुळें येतो. निरपराध कुत्रेही रागें भरल्यावर तसेच दिसत. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतों तें भय असतें. दुपारीं घडलेल्या कृतीचा संध्याकाळच्या माराशीं संबंध जोडणें कुत्र्याच्या बुद्धीला साधत नाहीं. त्याच्या दृष्टीनें मार मिळतो तो दाराशीं धन्याच्या स्वागतास आल्याबद्दल. चोर सोडून संन्याशाला फांशी द्यावें, तशांतली ही गत.

घाणीवरचा खरा उपाय साधा पण कष्टाचा आहे. झोंपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिलाला ठरलेल्या जागीं न्यावें, तेथें तें मोकळें झालें कीं तत्क्षणीं शाबासकी व खाऊ द्यावा, आणि घरांत चूक झाल्यास मुकाट्यानें ती जागा वास राहणार नाहीं अशी धुवावी. दोन महिन्यांचें पिलूं फार वेळ दम धरूं शकत नाहीं. सकाळीं नऊ ते संध्याकाळीं सहा तशी अपेक्षा करणें ही आपलीच चूक होय.

मारण्याच्या समर्थनार्थ एक शास्त्रीय वाटणारी समजूतही प्रचारांत आहे. कळपांत एक लांडगा बळानें नायक होतो. म्हणून कुत्र्याला उताणा पाडून, दरडावून, आपण त्याचे नायक आहों हें पटवून द्यावें, असें पुष्कळ लोक सांगतात. या समजुतीचें मूळ शेंकेल यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या, पिंजऱ्यांत ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. पुढें डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या ग्रंथानें ती लोकप्रिय झाली. परंतु त्याच मीच यांनीं उत्तर ध्रुवाकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचें अनेक उन्हाळे निरीक्षण करून १९९९ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, रानांतील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतें. त्यांतील नायक ते आईबाप, आणि त्यांना नायकपण मिळविण्यासाठीं झुंजावें लागत नाहीं. ग्रंथकारानें स्वतः सोडून दिलेली कल्पना आपण मात्र उराशीं धरून ठेवावी, यांत शहाणपण नाहीं.

आतां सर्वांत गंभीर गोष्टीकडे वळतों. कुत्रा खात असतांना लहान मूल जवळ गेलें आणि कुत्रा गुरगुरला, तर आपण संतापून त्याला चोप देतों. असें दोन-चारदां झालें कीं गुरगुरणें बंद होतें आणि आपणांस समाधान वाटतें. पण बंद काय झालें? त्याची भीति नव्हे. बंद झाली ती केवळ सूचना. गुरगुरणें ही कुत्र्याची सभ्य भाषा आहे. त्याही आधीं तो ताठरतो, मान फिरवितो, ओठ चाटतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसूं लागतो. हीं सर्व चिन्हें ओलांडल्यावर तो गुरगुरतो, आणि गुरगुरणेंही ओलांडल्यावर चावतो. मधली पायरी आपण मारून मोडली, तर पुढच्या वेळीं तो सूचना न देतां चावेल, आणि मग आपणच म्हणूं कीं 'कांहीं कारण नसतां चावला!' धूर दिसूं नये म्हणून धुराडें बुजविण्यासारखें हें आहे.

याउलट करावें. कुत्रा खात असतां मुलांना दूर ठेवावें. मोठ्या माणसानें कांहीं अंतरावरून जातांना त्याच्या भांड्याकडे एखादा अधिक चांगला घास टाकावा आणि पुढें निघून जावें. दिवसांमागून दिवस असें केल्यावर, जवळ येणारा माणूस घास हिरावण्यास येत नसून देण्यास येतो, असें कुत्र्याला वाटूं लागतें. पाव्हलॉव्ह यांचा नियम येथें आपल्या बाजूनें काम करतो. कितीही गरीब कुत्रा असो, लहान मूल व कुत्रा यांना एकटें सोडूं नये. चावण्याचा प्रकार घडलाच तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हळद, चुना, मिरची लावीत बसूं नये. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे तो बहुतेक नेहमींच प्राणघातक ठरतो, पण वेळीं घेतलेल्या लशीनें तो टळतो. घरच्या कुत्र्यालाही ती लस पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें नियमानें टोंचून घ्यावी.

शहरांतील घरांचें दुसरें दुखणें एकटेपणाचें. सर्वजण कामावर गेले कीं कुत्रा रडतो, दार ओरबाडतो. हा सूड नव्हे, घाबरेपणा आहे. त्यावर इलाज थेंबाथेंबानें करावा लागतो. किल्ली हातांत घ्यावी आणि पुन्हा बसावें. दाराबाहेर जाऊन अर्ध्या मिनिटांत परत यावें. मग दोन मिनिटें, मग पांच. तो शांत राहील तेवढाच वेळ वाढवावा. जातांना निरोपाचा सोहळा करूं नये, आणि चघळण्यास वेळ लागेल असें कांहीं ठेवून जावें. हा पाठ पुरा होईपर्यंत शेजारचें एखादें बिऱ्हाड किंवा ओळखीचें कोणी सांभाळील अशी व्यवस्था करावी.

आणि दिवाळी! माणसाच्या कानाला वीस हजार कंपनांच्या पलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं. कुत्र्याचा कान त्याच्या दुपटीहून वरचे सूक्ष्म नाद टिपतो. त्यांत हे धडाके कोठून व कां होतात हें त्याला कोण सांगणार? त्या दिवसांत फेरी उजेड असतांनाच उरकावी, साखळी घट्ट आहे हें पाहावें, पट्ट्यावर घरचा फोन नंबर लिहावा. आंतल्या खोलींत पडदे ओढून, रेडिओ लावून त्याला आसरा द्यावा. तो जवळ आला तर जवळ घ्यावें. धीर दिल्यानें भीति वाढत नाहीं. ज्यांना दूरदृष्टि आहे त्यांनीं महिनाभर आधींपासून फटाक्यांचे ध्वनिमुद्रित आवाज अगदीं हळू लावून सोबत खाऊ द्यावा व आवाज क्रमाक्रमानें वाढवावा. थरथर फारच असेल तर पशुवैद्याकडे औषध असतें. तें आधींच विचारून ठेवावें.

पशुवैद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतों. आजवर शहाणा असलेला कुत्रा अचानक गुरगुरूं लागला, घरांत घाण करूं लागला, तर शिक्षणाचा विचार मागाहून करावा. प्रथम कान, दांत, सांधे, मूत्राशय तपासून घ्यावेत. दुखणें सांगतां येत नाहीं म्हणून तें चावून सांगितलें जातें.

अर्थात् सर्वांत स्वस्त उपाय तो आरंभींचा. स्कॉट आणि फुलर यांनीं अमेरिकेंतील बार हार्बर येथें अनेक वर्षें केलेले प्रयोग १९६५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसतें कीं, पिलाच्या वयाचा सुमारें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी करून घेण्याचा आहे. त्या अवधींत मुलें, म्हातारीं माणसें, छत्र्या, शिट्टी वाजविणारा कुकर, दारावरची घंटा यांची सुखानें ओळख झालेलें पिलूं पुढें सहसा दचकत नाहीं. लशी पुऱ्या व्हावयाच्या असतील तर त्याला कडेवर घेऊन जग दाखवावें.

कुत्रा बारा-चौदा वर्षें आपल्या घरीं राहतो. तेवढ्या अवधींत आपण त्याची भाषा शिकण्याचे जे थोडे कष्ट घेऊं, त्यांवर त्याचें सुख तर अवलंबून आहेच, पण आपल्या मुलाबाळांची सुरक्षितताही अवलंबून आहे. उद्यां सकाळीं तो काय वाईट करतो याची मोजदाद करण्याऐवजीं, तो मुकाट्यानें काय चांगलें करतो इकडे जरा लक्ष द्यावें आणि त्याबद्दल त्याला शाबासकी द्यावी. शेपूट वांकडें राहील तर राहो. वागणूक पुष्कळशी सरळ होईल.